माती नको, कोळसा द्या!

मे महिना संपत आलेला असतो. मुरबाडहून टोकावड्याच्या दिशेने निघालं, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना सगळं भाजून निघालेलं दिसतं. भाताची खाचरं भेगाळलेली, ओढे आटलेले, सागाच्या झाडावर नावाला पान नाही. आणि अशात एखाद्या जुन्या ऐनाच्या नाहीतर आंब्याच्या फांदीवरून हातभर लांबीचा गुलाबी-पांढरा घोस खाली लोंबताना दिसतो! जवळ जाऊन बघितलं, तर त्यात शंभराहून जास्त फुलं असतात, एकाला एक लागून, दाट. प्रत्येक फुलावर जांभळे ठिपके.

थांबा. ही ऐनाची फुलं नव्हेत. आंब्याची तर नव्हेतच, त्याचा मोहोर कधीच झडून गेला. त्या फांदीवर दुसरीच एक वनस्पती बसली आहे. तिची पानं जाड आणि लांबट, आणि पांढुरक्या मुळांनी तिने फांदीला घट्ट विळखा घातलाय. तिचं नाव सीतेची वेणी. आसामात याच फुलाला ‘कपौ फूल’ म्हणतात. बोहाग बिहूच्या नाचात तिथल्या मुली ते केसांत माळतात, आणि आसामने त्याला आपलं राज्यफूल केलं आहे. शहापूर-मुरबाडच्या मुलांनी शाळेत जाता-येता ते कितीदा तरी पाहिलेलं असतं, पण ते ऑर्किड आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

होय, ऑर्किड! लग्नाच्या स्टेजवर जांभळ्या फुलांच्या महागड्या काड्या लावतात ना, त्यांच्याच कुळातलं. मराठीत या कुळातल्या वनस्पतींना आमरी म्हणतात. जगभरात आमरीच्या सुमारे २८,००० जाती आहेत. पक्ष्यांच्या जेवढ्या जाती आहेत, त्याच्या दुपटीहूनही जास्त!

आता मला सांगा, ज्या दिवसांत माणसांनाच पाण्यासाठी वणवण करावी लागते, त्या दिवसांत जमिनीपासून वीस-पंचवीस फूट उंचावर, मूठभरसुद्धा माती नसताना ही फुलते कशी? हे एकदा समजलं, की घरी आमरी वाढवणं मुळीच अवघड राहत नाही. कारण घरी आपल्याला एवढंच करायचं असतं : तो ऐन तिला जे देतो, ते द्यायचं. आणि तो जे देत नाही, ते चुकूनही द्यायचं नाही.

फांदीवरची ही वनस्पती आजीला दाखवलीत, तर आजी बहुतेक म्हणेल, “अरे बाबा, बांडगूळ आहे ते. झाड खातं. काढून टाक.” आजीचं सगळं चूक नाही. बांडगूळ खरंच झाडाला त्रास देतं. त्याची मुळं फांदीच्या आत घुसतात आणि झाडाने जमिनीतून वर चढवलेलं पाणी आणि क्षार मधल्या मध्ये ओढून घेतात. ज्या जागी ते चिकटतं तिथे फांदीला गाठ येते आणि गाठीच्या पुढचा भाग हळूहळू वाळतो. म्हणून आंब्याचे बागायतदार बांडगूळ दिसलं की छाटून टाकतात.

आमरी मात्र झाडातून काहीच घेत नाही. तिची मुळं सालीच्या वरच राहतात. तिला झाडाकडून हवी असते ती फक्त बसायला जागा, उंचावर, जिथे पानांतून गाळून आलेलं ऊन आणि भरपूर वारा मिळेल. सालीवरून ओघळणारं पावसाचं पाणी, त्यात विरघळलेली धूळ, कुजलेला पालापाचोळा, पाखरांची शीट, एवढ्यावर तिचं भागतं. बाकीचं अन्न ती स्वतःच्या हिरव्या पानांत स्वतः तयार करते. दोघांमधला फरक ओळखायचा असेल, तर वनस्पती फांदीला जिथे टेकते ती जागा बघा. आत घुसली असेल आणि गाठ असेल, तर बांडगूळ. सालीवर नुसती मुळं पसरलेली असतील, तर आमरी. आजीलाही नेऊन दाखवा.

आणखी एक गोष्ट तुम्ही स्वतः तपासू शकता. आपल्या परिसरातल्या कोणत्या झाडांवर आमरी आहे आणि कोणत्या झाडांवर नाही, याची वहीत नोंद करायला लागा. ऐनाची साल चौकोनी भेगांची, खडबडीत. त्या भेगांत पाणी थोडा वेळ टिकतं, मुळांना पकड मिळते. जुना आंबा, जांभूळ यांचीही साल अशीच खरखरीत. आता पेरू बघा, कांडोळ बघा. गुळगुळीत साल, आणि तीही पापुद्रे निघून गळून पडणारी. जिथली जमीनच दर वर्षी निसटते तिथे कोण घर करणार?

आता तिच्या मुळांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे. उन्हाळ्यात आमरीची मुळं रुपेरी-पांढरी दिसतात. त्यांच्यावर थोडं पाणी शिंपडा आणि बघत राहा. काही क्षणांतच पांढरं मूळ हिरवं होतं! यात जादू नाही. मुळाच्या बाहेरच्या बाजूला मेलेल्या, पोकळ पेशींचे थर असतात. कोरडे असताना त्यांत हवा भरलेली असते, म्हणून ते पांढरे दिसतात. पाणी पडलं की हे थर ते झपाट्याने ओढून घेतात, पारदर्शक होतात, आणि आतला मुळाचा हिरवा रंग बाहेर दिसू लागतो. या थराला वेलामेन म्हणतात. वळवाची सर दहा मिनिटं पडून गेली, तरी तेवढ्यात आमरी आपलं पाणी भरून घेते. आणि मूळ हिरवं, याचा अर्थ काय? पानांसारखंच तेही उजेडात अन्न बनवतं. जगात काही आमरी अशाही आहेत, ज्यांना पानंच नसतात. त्यांचा सगळा संसार मुळांवर चालतो.

म्हणूनच आमरीचं मूळ मातीत पुरू नका. माती ओली राहिली की त्या पोकळ पेशींतली हवा संपते, मूळ गुदमरतं आणि कुजतं. घरोघरी आमरी मरतात त्या तहानेने नव्हे, जास्त पाण्याने. प्रेमाने रोज तांब्या-तांब्या पाणी घातलं, म्हणजे संपलीच ती.

शहापूर हा पाण्याचा तालुका. तानसा धरण इथलं, १८९२ साली पुरं झालेलं. भातसा धरण इथलं. मुंबई या पाण्यावर जगते. पावसाळ्यात माहुलीच्या कड्यांवरून असा पाऊस कोसळतो की समोरचं दिसत नाही. आणि त्याच तालुक्यात एप्रिल उजाडला की कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. चार महिने धो-धो आणि आठ महिने कोरडं. तुमच्या आयांना हे गणित पाठ आहे. आमरीलाही ते पाठ आहे, आणि तिने त्यावर दोन उपाय शोधलेत.

पहिला उपाय साठवणुकीचा. डेंड्रोबियम नावाच्या आमरींचं खोड जाड, गरगरीत असतं. पावसाळ्यात त्यात पाणी आणि अन्न भरून ठेवलं जातं. आपल्या सह्याद्रीत डेंड्रोबियम बार्बाट्युलम नावाची पांढऱ्या फुलांची एक सुरेख जात आहे. थंडीत तिची सगळी पानं गळून जातात, नुसत्या वाळक्या कांड्या उरतात. बघणाऱ्याला वाटतं, मेली बिचारी. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच वाळक्या कांड्यांवर शुभ्र फुलं येतात, सगळी शिलकीतल्या पाण्यावर.

दुसरा उपाय रात्रपाळीचा. पानांवर बारीक छिद्रं असतात, त्यांतून वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात. पण छिद्रं उघडली की आतलं पाणीही वाफ होऊन निसटतं. म्हणून जाड पानांच्या पुष्कळ आमरी दिवसभर छिद्रं बंद ठेवतात आणि रात्री गारव्यात उघडतात. रात्री गोळा केलेला कार्बन डायऑक्साइड आत साठवून ठेवायचा आणि दिवसा ऊन आलं की त्यापासून साखर बनवायची. निवडुंग आणि अननसही हेच करतात.

तर असा हा स्वभाव. आता घरी काय करायचं ते बघू.

सुरुवातीला रोप कोणतं घ्यावं? माझं मत विचाराल तर डेंड्रोबियमची संकरित जात. रोपवाटिकांमध्ये ती सहज मिळते, आपला उकाडा तिला मानवतो, आणि एकदा फुलली की फुलं महिना-दीड महिना टिकतात. शहरातल्या दुकानांत फुलपाखरासारख्या रुंद फुलांची फॅलेनॉप्सिस दिसते. ती देखणी खरी, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तिचे हाल होतात. तिला हात नंतर घाला. व्हँडा मात्र घ्यायला हरकत नाही. ती कुंडीसुद्धा मागत नाही. लाकडी जाळीच्या टोपलीत नुसती टांगायची, मुळं हवेत मोकळी सोडायची.

डेंड्रोबियमसाठी लहानशी, भरपूर भोकांची कुंडी घ्या. मोठी कुंडी घेण्याचा मोह टाळा, मोठ्या कुंडीत मधला भाग ओलाच राहतो. तळाशी विटांचे तुकडे घाला आणि त्यावर लाकडी कोळशाचे तुकडे, सुपारीएवढे. चुलीतली राख झटकून, कोळसा धुऊन, एक दिवस पाण्यात भिजवून घ्या. नारळाच्या सोडणाचे तुकडे मिसळले तरी चालतात, पण ते जास्त दिवस ओले राहतात, म्हणून पावसाळ्यात कमी बरे. रोप हलू नये म्हणून काडीला सैल बांधा. हलत्या रोपाची नवी मुळं मोडतात. आणि माती? एक चमचाही नको.

जागा कशी असावी? ऐनाच्या फांदीवर सकाळचं कोवळं ऊन पोचतं आणि दुपारचं पानांतून गाळून येतं. घरी पूर्वेकडची पडवी, ओटा किंवा आंब्याखालची जागा बघा. नुसतं उघडं अंगण असेल तर निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधा. जागा बरोबर आहे की नाही, हे पानंच सांगतात. गर्द काळपट हिरवी झाली तर उजेड कमी पडतोय, मग पानं छान वाढतील पण फूल येणार नाही. पिवळट पडली, करपली, तर ऊन जास्त होतंय. पोपटी हिरवा रंग आला की समजा, जमलं.

पाणी सकाळी द्या. दुपारपर्यंत पानं सुकली पाहिजेत. आणि पाणी देण्याआधी मुळांना विचारा. पांढरी आहेत? द्या. हिरवी आहेत? थांबा. ही एक सवय लागली तर बाकी काही चुकलं तरी रोप जगेल. उन्हाळ्यात डेंड्रोबियमला बहुधा रोज पाणी लागतं, टांगलेल्या व्हँडाला कधी कधी दोनदा. थंडीत तीन-चार दिवसांनी पुरतं. आपल्या रानातली डेंड्रोबियम थंडीत अगदी कोरडी राहते, म्हणून विकत आणलेल्या संकरित रोपालाही तसंच सुकवायला जाऊ नका. त्याचं पाणी कमी करा, बंद करू नका.

पाणी कोणतं, यालाही महत्त्व आहे. बोअरवेलच्या जड पाण्यात क्षार जास्त असतात. ते मुळांवर पांढरे थर होऊन बसतात आणि मुळांची टोकं जळतात. पावसाचं पाणी सगळ्यांत उत्तम, शेवटी झाडावर तेच तर मिळतं. पन्हळीखाली एखादं पिंप भरून ठेवलं, झाकून ठेवलं, तर एक-दोन रोपांना पुष्कळ दिवस पुरतं. झाकायचं विसरू नका, नाहीतर आमरीऐवजी डासांची पैदास होईल.

खत? अगदी थोडं. पाखरांच्या शिटेवर आणि धुळीवर जगणारी ही वनस्पती आहे. कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ नावाचं विरघळणारं खत मिळतं. एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, वाढीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा, एवढं बास. जास्त दिलं तर मुळं करपतात. हे काम घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन करा आणि नंतर हात धुवा.

पावसाळा आला की आपल्याकडे उलटीच काळजी. शहापूर-मुरबाडचा पाऊस दिवसचे दिवस थांबत नाही. झाडावर बसलेली आमरी भिजते खरी, पण वाऱ्याने लगेच निथळते. कुंडीतली निथळत नाही. म्हणून झड लागली की कुंडी पागोळीखालून काढून, वारा खेळेल अशा आडोशाला टांगा. पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहिलं, तर तिथून काळी कूज सुरू होते. आणि रात्री टॉर्च घेऊन एक फेरी मारा, कारण गोगलगायींना मुळांची कोवळी टोकं आणि कळ्या फार आवडतात. एका रात्रीत महिन्याभराची मेहनत साफ करतात. उचला आणि दूर नेऊन टाका. पानांच्या मागे कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला, तर साबणाच्या सौम्य पाण्यात फडकं भिजवून पुसून काढा.

फुलं गळून गेल्यावर उरलेल्या जुन्या कांड्या वाळक्या दिसतात, म्हणून कापू नका. तिची शिदोरी त्यांतच असते. नवीन कोंब त्यांच्याच जिवावर वाढतो. कधी कधी जुन्या कांडीवर एक छोटंसं पिल्लू फुटतं, दोन-तीन पानं, खाली बारीक मुळं. मुळं बोटाएवढी लांब झाली की ते अलगद काढून वेगळ्या कुंडीत लावायचं. मैत्रिणीला भेट द्यायला याहून चांगली वस्तू नाही.

फूल आलं की मात्र नुसतं बघून सोडू नका. भिंग घ्या. आमरीला सहा पाकळ्यांसारखे भाग असतात, पण त्यांतला एक वेगळाच असतो, मोठा, रंगीत, पुढे आलेला. त्याला ओठ म्हणतात. कीटकाला उतरायची ही जागा. आपल्या पश्चिम घाटात कॉटोनिया नावाची एक आमरी आहे, उन्हाळ्यात फुलते. तिचा ओठ हुबेहूब मधमाशीसारखा दिसतो, केसाळ कडेसकट!

आणि एक गुपित सांगू? कळी कोवळी असताना हा ओठ वरच्या बाजूला असतो. उमलायच्या आधी बहुतेक आमरींची कळी आपला देठ पिळते आणि अर्धा फेरा घेते, म्हणजे ओठ खाली येतो आणि उतरायची जागा तयार होते. पावसाळ्यात माळांवर, कातळांवर पांढऱ्या फुलांच्या हबेनारिया उगवतात, त्यांच्या फुलामागचा भाग बघा, पीळ स्पष्ट दिसतो. उपटू नका, वाकून बघा. यांतल्याच एकीला काही जण आषाढ आमरी म्हणतात. हबेनारिया झाडावर राहत नाहीत. जमिनीखाली कंद करून उन्हाळाभर झोपतात आणि पहिल्या पावसाबरोबर वर येतात.

आता फुलाच्या मधोमध असलेला दांडा बघा. त्याच्या टोकाला टोपी असते. इतर फुलांत पराग पिठासारखे सुटे असतात, जास्वंदीला हात लावला की बोट पिवळं होतं ना, तसे. आमरीत मात्र सगळे पराग एकत्र बांधून त्यांच्या गोळ्या केलेल्या असतात. कीटक आला की अख्ख्या गोळ्याच त्याच्या अंगाला चिकटतात आणि तो त्या घेऊन दुसऱ्या फुलाकडे जातो. चार्ल्स डार्विनने १८६२ साली आमरीच्या परागीभवनावर एक सबंध पुस्तक लिहिलं. त्यात कीटकाच्या डोक्याऐवजी पेन्सिलीचं टोक फुलात घालून त्याने हे करून दाखवलं आहे. तुम्ही दात कोरायची काडी घ्या. डेंड्रोबियमच्या दांड्यावरची टोपी काडीने हळूच उचला. आत पिवळ्या चार गोळ्या दिसतील. काडीला चिकटवून त्या दुसऱ्या फुलाच्या दांड्याखालच्या चिकट खळग्यात ठेवा. त्या फुलाच्या पाकळ्या लवकरच माना टाकतील. घाबरू नका, काम झालंय! देठाशी हिरवं बोंड फुगायला लागेल आणि पिकायला काही महिने घेईल. अशक्त रोपावर मात्र हा प्रयोग करू नका, बोंड पोसायला पुष्कळ ताकद लागते.

अशाच एका काडीने जगाचा इतिहास बदललाय, आणि ती धरणारा हात तुमच्याच वयाच्या मुलाचा होता. आइस्क्रीममधला खरा व्हॅनिला हा एका आमरीच्या शेंगेतून मिळतो. ही वेल मूळची मेक्सिकोची. फ्रेंच लोकांनी ती हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर नेऊन लावली. वेल वाढली, फुलली, पण शेंगा धरेनात, कारण तिकडच्या कीटकांना ते फूल उघडता येत नव्हतं. मोठमोठे जाणकार डोकं खाजवत बसले. १८४१ साली एडमंड नावाच्या १२ वर्षांच्या मुलाने एक बारीक काडी घेतली, फुलातला मधला पडदा वर उचलला आणि अंगठ्याने पराग योग्य जागी दाबले. शेंग धरली! एडमंड गुलाम होता. शाळेत कधी गेला नव्हता. त्याला मळ्यामळ्यांतून फिरवून ही युक्ती इतरांना शिकवायला लावलं गेलं. बेटावर व्हॅनिलाचा मोठा व्यापार उभा राहिला, मालक श्रीमंत झाले. १८४८ मध्ये तिथली गुलामगिरी संपली आणि त्याला एडमंड आल्बियस हे पूर्ण नाव मिळालं, पण पैसा काही मिळाला नाही. १८८० साली तो गरिबीतच वारला. आजही जगभर व्हॅनिलाचं फूल त्याच्याच रीतीने हाताने फळवतात. एडमंडचं नाव लक्षात ठेवा, आणि घरी सगळ्यांना सांगा.

आता तुमच्या बोंडाकडे परत. ते पिकून उकललं की आतून पिवळसर भुकटी उडते. त्या बिया! एका बोंडात हजारो, काही जातींत लाखो. वाऱ्याची झुळूक आली की त्या माहुलीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूलाही जाऊ शकतील, इतक्या हलक्या. पण या हलकेपणाची किंमत मोठी आहे. वालाचा दाणा सोलून बघा. त्यातल्या दोन जाड डाळिंब्या म्हणजे बाळरोपाला आईने बरोबर दिलेला जेवणाचा डबा. आमरीच्या बीला हा डबाच नसतो. मग ती रुजते कशी?

हे कोडं नोएल बर्नार नावाच्या पंचविशीतल्या फ्रेंच माणसाने १८९९ साली सोडवलं. रुजणाऱ्या बियांमध्ये त्याला बुरशीचे तंतू सापडले. सालीवरची किंवा जमिनीतली विशिष्ट बुरशी बीच्या आत शिरते आणि तिच्याकडूनच बाळरोपाला अन्न मिळतं. योग्य साल, योग्य ओल आणि योग्य बुरशी, हे तिन्ही जिथे जुळेल तिथेच एखादी बी रुजते. बाकीच्या वाया जातात. रुजलेल्या रोपालाही पहिलं फूल यायला बरीच वर्षं लागतात. पुढे १९२२ साली अमेरिकेत लुईस नड्सन याने दाखवलं, की काचेच्या बाटलीत निर्जंतुक आगरवर, म्हणजे जेलीसारख्या पदार्थावर, साखर आणि क्षार दिले, तर बुरशीशिवायही बी रुजते. त्यामुळेच आज प्रयोगशाळांत बाटल्याबाटल्यांतून रोपं तयार होतात आणि आपल्या खिशाला परवडणाऱ्या दरात मिळतात.

मी हे सगळं इतकं लांबवून सांगितलं, त्याला कारण आहे. हा लेख वाचून कुणीतरी उठेल, ऐनावर चढेल आणि सीतेची वेणी ओरबाडून घरी आणेल, याची मला भीती वाटते. कृपा करून तसं करू नका. तिची मुळं सालीला इतकी चिकटलेली असतात की ओढली की तुटतात. मुळं तुटलेली आमरी घरी आणून बहुधा वाळूनच जाते. आणि फांदीवरची ती जागा पुन्हा भरायला लाखो बियांपैकी एकीचं नशीब उघडावं लागतं. तानसा अभयारण्यातून कोणतंही रोप काढणं हा कायद्याने गुन्हाही आहे. देशादेशांमधल्या आमरींच्या व्यापारावर ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे, आणि ते कुळातल्या एकूण एक जातीला लागू आहे. घरात लावायची ती रोपवाटिकेतली. रानातली रानात बघायची.

बघायला पुष्कळ आहेत. फादर सांतापाव आणि झरीर कपाडिया या वनस्पतिशास्त्रज्ञांनी जुन्या मुंबई प्रांतातल्या आमरींवर १९६६ साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी ही माणसं पावसापाण्यात डोंगर तुडवत हिंडली. तुमच्या दाराशी तर डोंगरच आहेत. उन्हाळ्यात आंब्यावर व्हँडा टेसेलाटा शोधा, तपकिरी चौकड्यांची पाकळी, निळसर जांभळा ओठ आणि सुगंध. काही भागांत तिला रास्ना म्हणतात. मेमध्ये सीतेची वेणी. आषाढात माळावरच्या पांढऱ्या हबेनारिया. दिवाळी झाल्यावर डेंड्रोबियम ओव्हाटम, तिची फुलं फिकट पिवळी. झाड कोणतं, फांदी केवढी उंच, फूल कोणत्या महिन्यात, एवढं लिहिलंत तरी दोन-तीन वर्षांत तुमच्या गावाची आमरींची वही तयार होईल. आणि अशी वही आज फार थोड्या गावांकडे आहे.

शेवटचं एक काम, आणि ते फक्त तुम्हीच करू शकता. राब भाजण्यासाठी घरचे लोक ऐनाचं कवळ तोडतात. वादळात जुन्या फांद्या मोडतात. रस्ता रुंद करताना झाडं पडतात. अंगणात किंवा बांधावर पडलेल्या अशा फांदीवर आमरी असेल, तर ती चुलीत जाण्याआधी वाचवा. मुळं ओढू नका. मोठ्या माणसाकडून सालीच्या तुकड्यासकट ती कापून घ्या आणि जवळच्या आंब्याला किंवा ऐनाला, सावलीच्या बाजूने, सुतळीने घट्ट बांधा. जून-जुलैमध्ये बांधलीत तर पाणी घालायचीही गरज नाही, पाऊस घालतो. नवी मुळं सालीवर चढली की सुतळी कुजून आपोआप गळून जाईल. तेव्हा यंदा कवळ तोडायला घरचे निघाले, की तुम्हीही बरोबर जा आणि तोडलेली प्रत्येक फांदी उलटून बघा.